कमरेचे शस्त्र, मनाचा आरसा

(खंडेनवमीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमीला महाराष्ट्रात घरोघरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. सुताराचा रंधा, शेतकऱ्याची कोयती, शिंप्याची कात्री पाटावर मांडली जाते आणि तिला हळदकुंकू वाहिले जाते. ती अवजारे क्षणभर निरखून पाहिली, तर त्यांच्या धन्याची ओळख वेगळी सांगावी लागत नाही. धार लावून लावून झिजलेले पाते कष्टाळू हाताची साक्ष देते. गंज चढलेले पाते आळसाची चुगली करते. अवजार मुके असते, पण धन्याविषयी ते खोटे बोलत नाही.

शस्त्राच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. कारण शस्त्र निवडताना माणसाला स्वतःलाच तीन प्रश्न विचारावे लागतात. भय कोणाचे आहे? रक्षण कोणाचे करायचे आहे? आणि त्यासाठी काय सोसण्याची तयारी आहे? या प्रश्नांची उत्तरे तोंडाने दिली, तर माणूस ती सजवून देईल. शस्त्राची निवड मात्र ती उघडी करते. या विषयाचा अभ्यास करायचा, तर त्याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा आज अमेरिका आहे. तेथील लाखो सामान्य नागरिक, म्हणजे शिक्षक, दुकानदार, गृहिणी, वाहनचालक, रोज सकाळी किल्ल्या आणि पाकीट घ्यावे तसे भरलेले पिस्तूल कमरेला लावून घराबाहेर पडतात.

हे घडले कसे?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख तीत आहे. तथापि हा हक्क नागरी सेनेचा की एकेका नागरिकाचा, हा वाद दोन शतके चालला. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात शस्त्र ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला आणि २०२२ साली तो घराबाहेर शस्त्र वागवण्यापर्यंत नेला. राज्यांचे कायदे त्याआधीच सैल होत गेले होते. १९८७ मध्ये फ्लोरिडाने पात्र असलेल्या प्रत्येक अर्जदारास परवाना देण्याचा कायदा केला, आणि तेच वळण पुढे अनेक राज्यांनी गिरवले. २०२४ अखेर पन्नासपैकी २९ राज्यांत छुपे शस्त्र वागवण्यास परवानासुद्धा लागत नव्हता. एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार २०१७ मध्ये त्या देशातील नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी ३० लक्ष बंदुका होत्या, म्हणजे माणसांहून बंदुका अधिक!

त्या का बाळगल्या जातात? २०२३ मधील एका प्रतिष्ठित सर्वेक्षणात बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले. म्हणजे उत्तर बहुतेकांचे एकच. पण दुकानाच्या काचेमागे उभे राहिल्यावर हात मात्र वेगवेगळ्या शस्त्रांकडे जातात. खरी मौज येथेच सुरू होते.

तीन शस्त्रे, तीन स्वभाव

पहिले शस्त्र १९११ नावानेच ओळखले जाणारे पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या प्रतिभावान कारागिराने ते घडवले आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारले. त्याआधी फिलिपाइन्समधील लढायांत मोरो योद्ध्यांना लहान गोळीची रिव्हॉल्व्हरे रोखू शकत नाहीत, असा अनुभव आला होता, म्हणून.४५ व्यासाची जाड गोळी हवी, असा आग्रह धरला गेला. हे पिस्तूल दोन महायुद्धे लढले आणि १९८५ पर्यंत सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. रिकामे असताना वजन सुमारे १.१ किलो, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, आणि वागवण्याची पद्धत अशी की घोडा चढवलेला, पण खटका लावलेला.

आजही हे शस्त्र रोज कमरेला लावणारा मनुष्य बहुधा परंपरेचा अभिमानी असतो. वडिलांनी किंवा आजोबांनी युद्धात हेच वापरले, ही भावना त्याच्या निवडीत असते. यात गैर काहीच नाही. पण हे यंत्र मागणी करणारे आहे. बाहेर काढताच अंगठ्याने खटका उतरवण्याची सवय हजार वेळा केल्याशिवाय अंगी मुरत नाही. ती साधना करणाऱ्याच्या कमरेला ते शोभते. साधना न करणाऱ्याच्या कमरेला ते केवळ वारशाचे ओझे असते.

दुसरे शस्त्र आखूड नळीचे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. १९५० साली स्मिथ अँड वेसन कंपनीने असे एक मॉडेल पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले. तेथेच त्याचे ‘चीफ्स स्पेशल’ असे बारसे झाले. पोलाद वगळून हलक्या मिश्रधातूचे केले, तर त्याचे वजन अर्ध्या किलोच्याही आत येते. खिशात मावते, वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. स्वभावाने साधा, गाजावाजा नको असलेला, शस्त्र असल्याचे शेजाऱ्यालाही कळू न देणारा माणूस ते निवडतो.

मात्र याच शस्त्रापाशी एक फसगत वारंवार होते. पत्नीसाठी किंवा मुलीसाठी म्हणून पुरुष दुकानात जातो आणि “लहान आहे, हिला झेपेल” असे म्हणून हेच रिव्हॉल्व्हर उचलतो. वास्तविक ते नवशिक्याचे शस्त्रच नव्हे. नळी आखूड, म्हणून नेम धरणे कठीण; चाप जड, म्हणून हात हलतो; वजन हलके, म्हणून झटका जोराचा बसतो. पहिल्याच सरावात मनगट दुखावलेली ती स्त्री पुन्हा सरावाला जात नाही आणि शस्त्र खणात पडून राहते. या निवडीतून त्या स्त्रीचा स्वभाव काहीच कळत नाही. कळतो तो निवडणाऱ्याचा. ज्याच्या प्राणाचा प्रश्न आहे, त्याला न विचारता त्याच्या वतीने निर्णय घेण्याची ती वृत्ती आहे.

तिसरे शस्त्र ऑस्ट्रियाचे ग्लॉक. गॅस्टन ग्लॉक हे गृहस्थ पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या बनवत असत. पिस्तुलाचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. त्यांचे प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने घेतले, आणि १९८८ पासून त्याची ‘१९’ क्रमांकाची आटोपशीर आवृत्ती मिळू लागली. तिच्या मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या मावतात. तिला ना नक्षी ना दिमाख. ती घेणारा माणूस सहसा हिशेबी असतो. शस्त्राकडे तो अग्निशामक नळकांड्याकडे पाहावे तसे पाहतो: वेळेला चालले पाहिजे, बाकी शोभेचे काय करायचे? पण त्याचीही परीक्षा आहेच. या पिस्तुलाला वेगळा बाह्य खटका नसतो. त्याचा खटका चापातच बसवलेला असतो. म्हणून चापावर गेलेले बोट, किंवा चापात अडकलेले कापडाचे टोक, हाच अपघात. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर घ्यायला जो कंजुषी करतो, त्याचा हिशेब कोठे चुकला ते निराळे सांगायला नको.

मोठी गोळी की खरा नेम?

‘माझी गोळी मोठी’ हा अभिमान या क्षेत्रात फार जुना आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन्ही दरोडेखोर मारले गेले, पण दोन अधिकारीही प्राणास मुकले आणि पाच जखमी झाले. दोष गोळीवर आला. त्या संस्थेने आधी अधिक शक्तीची १० मि.मी. गोळी पाहिली, ती झेपेना, म्हणून पुढे.४० व्यासाची घेतली. पुष्कळ पोलीस दलांनी तेच केले. आणि मग? २०१४ च्या सुमारास तीच संस्था पुन्हा जुन्या ९ मि.मी. गोळीकडे वळली. तिच्या प्रशिक्षण विभागाचा निष्कर्ष साधा होता. प्रत्यक्ष चकमकीत बहुतेक गोळ्या लक्ष्याला लागतच नाहीत. झटका कमी असेल, तर नेम अधिक वेळा साधतो. गोळ्यांची रचनाही या काळात सुधारली होती.

एका बलाढ्य संस्थेला हा धडा शिकायला जवळपास तीन दशके लागली. व्यक्तीलाही तो सहजासहजी पचत नाही. मोठ्या गोळीचा अट्टहास धरणारा बहुधा स्वतःच्या हाताविषयी साशंक असतो. हाताची उणीव यंत्राने भरून निघेल, ही त्याची आशा असते. ज्याने घाम गाळून नेम साधला आहे, तो लहान गोळी निवडताना लाजत नाही.

मिरवण्याविषयी एक उदाहरण बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धातील सेनानी जनरल जॉर्ज पॅटन यांच्या कमरेची हस्तिदंती मुठीची कोल्ट रिव्हॉल्व्हर जगप्रसिद्ध आहे. ती त्यांनी १९१६ मध्ये घेतली होती. सैनिकांनी दुरून सेनापती ओळखावा, हा तिचा हेतू; ती एका अर्थी निशाणीच होती. त्याच पॅटन यांच्याजवळ खिशात मावणारे छोटेसे पिस्तूलही असे. दिसायचे शस्त्र निराळे आणि कामाचे निराळे, हा विवेक त्यांना होता. सामान्य माणसाची गफलत होते, ती दोहोंची सरमिसळ करण्यात.

घरी राहिलेले शस्त्र

निवडीची खरी परीक्षा दुकानात होत नाही. ती तीन महिन्यांनी होते. भारदस्त पिस्तूल घेतलेला मनुष्य उन्हाळ्यात त्याच्या वजनाला कंटाळतो. आज जवळच जायचे आहे, म्हणून ते घरी ठेवतो. पुढे ते घरीच राहू लागते. २०१८ साली दहा गोळ्यांची अगदी छोटी पिस्तुले बाजारात आली आणि तुफान खपली, याचे मर्म हेच आहे. संकट येईल तेव्हा जवळ असलेले साधे शस्त्र उपयोगी. घरी राहिलेले उत्तम शस्त्र निरुपयोगी. माणूस दुकानात स्वतःच्या कल्पनेतील वीरासाठी शस्त्र विकत घेतो आणि रोज सकाळी ते त्याच्यातील खऱ्या माणसाला वाहावे लागते. या दोघांत जितके अंतर अधिक, तितके शस्त्र लवकर खणात जाते.

शस्त्र कोठे ठेवले, हेही तितकेच बोलते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील एका दुकानात एक तरुण आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन खरेदीला गेली होती. परवानाधारक होती. पिस्तूल पर्समध्ये होते आणि पर्स बाळाजवळ, सामानाच्या ढकलगाडीत. बाळाने पर्समध्ये हात घातला. एक गोळी सुटली आणि आई जागीच गेली. पिस्तूल चांगले होते, हेतू चांगला होता, कायदाही पाळला होता. उणीव एकाच गोष्टीची होती. शस्त्र क्षणभरही अंगावेगळे किंवा कुलपावेगळे असू नये, हा नियम रोजच्या धबडग्यात विसरला गेला.

जेफ कूपर हे अमेरिकन मरीन दलाचे माजी अधिकारी. त्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल शिकवणारी नामांकित संस्था काढली. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी. जे नष्ट करायचे नाही, त्याकडे नळी वळवू नये. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य आणि त्याच्या पलीकडचे नीट ओळखावे, असे चार नियम त्यांनी रूढ केले. वाद्य विकत घेतल्याने कोणी वादक होत नाही, तसे बंदूक घेतल्याने कोणी सशस्त्र होत नाही, या आशयाचे ते सांगत. ते स्वतः .४५ चे कट्टर पुरस्कर्ते होते. तरीही त्यांच्या शिकवणीचा गाभा शस्त्र कोणते हा नव्हता. मन जागे आहे का, हा होता. बेसावध अवस्थेला पांढरा आणि शांत सावधपणाला पिवळा रंग देऊन मनाच्या पायऱ्या त्यांनी मांडल्या, त्या आजही शिकवल्या जातात.

शत्रू नेमका कोण?

आता सर्वांत गंभीर भाग. शस्त्र कमरेला लावणारा मनुष्य अनोळखी हल्लेखोराची मूर्ती डोळ्यांपुढे ठेवतो. अमेरिकेचे सरकारी आकडे काय सांगतात? २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांपैकी २०,९५८ हत्या होत्या. आत्महत्या मात्र २६,३२८! निम्म्याहून अधिक वेळा नळीपुढचा माणूस आणि चापावरचे बोट एकाच देहाचे होते. हताशेचा झटका अनेकदा ओसरणारा असतो. पण हाताशी भरलेले पिस्तूल असेल, तर तो ओसरण्याइतका अवधीच मिळत नाही.

म्हणून ज्या घरात शस्त्र आहे, तेथे शस्त्राइतकीच कुलूपबंद पेटी महत्त्वाची. घरात कोणी खचलेले असेल, तर काही काळ शस्त्र विश्वासू माणसाच्या स्वाधीन करण्याचे धैर्यही हवे. हल्लेखोरासाठी शस्त्र घेणारा सावध म्हणता येईल. पण स्वतःच्या वाईट दिवसाचाही विचार करून त्याची व्यवस्था लावणारा मनुष्य खरा विवेकी. त्याने स्वतःला ओळखले आहे.

महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील मुले, सुना, नातवंडे आज त्या देशात राहतात, म्हणून हा विषय दूरचा राहिलेला नाही. नातू शेजारच्या मित्राकडे खेळायला निघाला की “तुमच्या घरी बंदूक आहे का? असल्यास कुलपात आहे ना?” हा प्रश्न विचारण्याचा तेथील बालरोगतज्ज्ञ पालकांना आग्रह करतात. भिडस्त मराठी मनाला हा प्रश्न उद्धट वाटतो. तो उद्धट नाही. शेंगदाणे चालतात का, हे विचारण्याइतकाच तो साधा आहे आणि तितक्याच सहजपणे विचारला पाहिजे.

आपल्याकडचे चित्र

भारतात निवडीला वावच थोडा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हा हक्क नसून अनुज्ञा आहे. ९ मि.मी.सारखे बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने बहुतेकांच्या वाट्याला .३२ येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात.

२०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून आणले. २०१२ च्या दिल्लीतील भीषण अत्याचाराची पार्श्वभूमी त्याला होती. ते दागिन्याच्या डबीसारख्या मखमली पेटीत मिळे आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्री बसने घरी परतणाऱ्या कष्टकरी मुलीला ही किंमत परवडणारी नव्हती, आणि ज्यांना परवडत होती, त्या बहुधा त्या बसमध्ये बसत नव्हत्या. एखादे शस्त्र केवळ घेणाऱ्याचे मन सांगत नाही. ते घडवणाऱ्या समाजाचेही मन सांगते. रस्ता सुरक्षित करण्याचे काम अवघड होते, पेटी सुंदर करण्याचे सोपे.

उत्तरेत लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या प्रथेने कित्येक घरांत आनंदाचे सुतक केले. म्हणून २०१९ च्या त्याच दुरुस्तीने असा गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरवला. वरातीत गोळी झाडणारा मनुष्य शूर असल्याचे सांगत असतो. ऐकणाऱ्याला मात्र एवढेच कळते की वर गेलेली गोळी खाली कोठे येईल, याचा त्याने विचार केलेला नाही.

आणि याच भूमीत एक पिस्तूल असेही आहे, ज्यापुढे मान आपोआप झुकते. प्रयागराजच्या संग्रहालयात चंद्रशेखर आझादांचे .३२ व्यासाचे कोल्ट ठेवलेले आहे. तेही ब्राउनिंग यांच्याच रचनेचे: चपटे, खिशात मावणारे, घोडा आत झाकलेला असल्याने कपड्यात न अडकणारे. वेश पालटून वर्षानुवर्षे भूमिगत राहणाऱ्या माणसाला हवे होते तसेच. त्यात नक्षी नाही, दिखावा नाही. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांनी सोबत्याला निसटू दिले, स्वतः पोलिसांना तोंड देत राहिले आणि जिवंतपणी शत्रूच्या हाती लागले नाहीत. ते पिस्तूल छोटे होते. ते वागवणाऱ्याने त्याची किंमत काय द्यावी लागेल, हे आधीच ठरवले होते.

स्वतंत्र देशाच्या नागरिकाला तो प्रसंग नाही. त्याच्या रक्षणासाठी कायदा आहे, पोलीस आहेत, शेजार आहे. तरीही ज्याच्यावर शस्त्र बाळगण्याची वेळ येईल, त्याने निवड करण्याआधी दुकानदाराला विचारायचे प्रश्न थोडे आणि स्वतःला विचारायचे प्रश्न पुष्कळ आहेत. सराव करीन का? रोज वागवीन का? मुलांपासून दूर ठेवीन का? राग आला असता, खचलो असता, ते कोणाच्या हाती देईन? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ तयार आहेत, त्याच्या कमरेला कोणते पिस्तूल आहे याने फारसा फरक पडत नाही. ज्याच्याजवळ ती नाहीत, त्याला जगातील उत्तम पिस्तूलही सुरक्षित करू शकणार नाही.

खंडेनवमीच्या पाटावर शस्त्र ठेवून त्यापुढे हात जोडण्याचा अर्थ यापेक्षा निराळा नसावा. पाटावर ठेवताना ते हातातून खाली ठेवावे लागते. ज्याला ते खाली ठेवता येते, त्यानेच ते उचलावे.